आइसक्रीम वेल कितीही कापली तरी परत फुटते? कंद काढा

गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल नागपूरच्या आमच्या अंगणात कुंपणावरून लिंबाच्या झाडावर चढली. लिंबं धरायचीच बंद झाली. दोन वर्षं बुडापासून छाटली, उकळतं पाणी ओतलं, मीठ टाकलं. मिठानं शेजारचा मोगरा गेला, वेल मात्र उभीच. अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

मूळच्या मेक्सिकोच्या या वेलीला जमिनीत कंद धरतात. वरचं सगळं कापलं तरी कंदातून कोंब येतो.

मे महिन्यात वीतभर बुंधा ठेवून वेल कापली. झाडावरचा भाग ओढला नाही, तिथेच वाळू दिला. ओढला की लिंबाच्या डहाळ्या मोडतात. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, तेव्हा खणू नका, कंदाचे तुकडे आत राहतात. जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले, कोंब दिसले. प्रत्येक कोंबाभोवती हातभर अंतरावरून सब्बलीने माती सैल केली, कोंबाचा माग धरत हातानं कंद अखंड उपसला. काही दीड फूट खोल निघाले. ते खतखड्ड्यात टाकू नका, तिथेही रुजतात. मी पत्र्याखाली सुरकुतेपर्यंत वाळवले.

मग दिवाळीपर्यंत दर आठवड्याला फेरी. नवा कोंब त्याच दिवशी कंदासकट काढला, बियांची रोपं दोन पानांवरच उपटली. यंदाच्या पावसात एकही कोंब नाही, आणि लिंबू फुलावर आहे.