परतीच्या पावसात हरिश्चंद्रगड: निर्णय टोलार खिंडीतच

जुलैच्या संततधारेत माणूस भिजायच्या तयारीनेच घराबाहेर पडतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मात्र सकाळचं निरभ्र आकाश बघून रेनकोट सॅकच्या तळाशी जातो, आणि तिथेच चूक होते. या दिवसांत पहाटे धुकं, दहा वाजता चटका बसवणारं ऊन, दुपारी तीनच्या सुमारास ढगांची गर्दी, मग विजा आणि रात्री ओल्या अंगाला झोंबणारा वारा, असं सगळं एकाच मुक्कामात भेटतं.

पायथ्याच्या खिरेश्वर गावातून टोलार खिंडीमार्गे गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापर्यंतच्या वाटेला मोठ्या सॅकसह चार ते पाच तास धरा. दहा-बारा जणांपेक्षा मोठा गट नको. त्यात पावसात ही वाट केलेले दोघे तरी हवेत, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. मागच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचं नाही, बूट बांधायलाही नाही. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि दर थांब्यावर नंबर पुकारून मोजणी करा. डोकी नजरेने मोजली की धुक्यात हमखास गडबड होते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, सॅकमध्ये नाही. एक शिट्टी म्हणजे सगळ्यांनी जागीच थांबायचं. मिनिटाला सहा म्हणजे संकट.

सॅक भरताना आधी आत मोठी, जाड कचऱ्याची पिशवी उघडून घाला आणि सामान तिच्यात भरा. वरून चढवायचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी अडवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. रात्रीचा कोरडा जोड (टी-शर्ट, पँट, मोजे, स्वेटर, कानटोपी) वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ती गाठ सोडू नका. वाटेत पाऊस थांबला म्हणून कोरडे कपडे चढवले आणि पुढच्या सरीत तेही भिजले, की रात्र काढणं अवघड जातं. जीन्स नकोच. पोंचो सपाटीवर ठीक, पण डोंगराच्या धारेवर वाऱ्याने तोंडावर उडतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. त्यापेक्षा जॅकेट बरं. माणशी तीन लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं पाकीट. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. दोघांत एक चालत नाही.

निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप खिरेश्वरातच उघडून आसपास विजा पडताहेत का ते तपासा, कारण वर रेंजचा भरवसा नाही. नकाशा आणि वाटेचा ट्रॅक घरीच डाउनलोड करून ठेवा. गावातून शनिवारी सकाळी साडेसहाला पावलं पडली पाहिजेत.

खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. तिथे सॅक खाली ठेवून खरा निर्णय घ्यायचा. तो इथेच का? कारण इथवर झाडी आहे, परतीची वाट सोपी आहे. इथून पुढे रेलिंगचा कातळटप्पा आणि त्यावर आडोसा नसलेलं उघडं पठार. दहा वाजून गेले असतील, गडगडाट ऐकू येत असेल किंवा गटातल्या एकाचीही दमछाक झाली असेल, तर इथूनच मागे फिरा. ही वेळ शुक्रवारीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे खिंडीत वाद होत नाहीत.

ओल्या कातळावर बुटाची कड नाही, पूर्ण तळवा टेकवा. दोन पाय आणि दोन हात यांतलं एका वेळी एकच हलवायचं. पुढचा माणूस टप्पा पार करेपर्यंत मागच्याने खालीच थांबायचं, म्हणजे घसरलेला माणूस किंवा सुटलेला दगड दुसऱ्यावर येत नाही. विजा चमकत असतील तर रेलिंगला हात लावायचा नाही, म्हणजेच तो टप्पा चढायचाही नाही.

पठारावर धुकं उतरलं की खरी परीक्षा. ढोरवाटा इतक्या मळलेल्या असतात की त्याच मुख्य वाट वाटतात. नियम एकच: पुढचा बाण किंवा दगडांची लगोरी दिसल्याशिवाय आधीची खूण सोडायची नाही. नाही दिसली तर सगळा गट त्या खुणेपाशी थांबेल, दोघं शिट्टी ऐकू येईल एवढ्याच अंतरात शोधतील आणि परत येतील. ‘बहुतेक इकडेच’ असं म्हणून दहा मिनिटं पुढे गेलेला गट तासभर भरकटतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. मोजणी तिसाच्या आत आली की धार आणि एकटं झाड सोडून खोलगट भागात उतरा, काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांत दहा-पंधरा पावलांचं अंतर घ्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. गुहेत असाल तर तोंडाशी बसू नका आणि भिंतीला टेकू नका.

मंदिराजवळ पोहोचल्यावर तंबू लावायचाच असेल तर गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कोकणकड्याच्या काठावर नको आणि ओढ्याच्या पात्रातही नको. कड्यावरचा सूर्यास्त सगळ्यांनाच हवा असतो, पण या दिवसांत ढग नेमके त्याच वेळी भरून येतात. आकाश स्वच्छ नसेल तर कडा रविवारी सकाळी बघा. टाक्यातलं पाणी उकळूनच प्या.

कोणी कुडकुडत असेल, बोलणं अडखळत असेल, चालताना तोल जात असेल तर तो फक्त दमलेला नाही, त्याचं अंग गार पडतंय. वाऱ्यातून बाजूला घ्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, स्लीपिंग बॅगेत झोपवा. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. अंग चोळू नका, दारू अजिबात नको. शुद्ध हरपत असेल तर उशीर न करता 112 ला फोन करा.

रविवारी सातला उतरायला लागा, दुपारपर्यंत गावात. उतरताना ओढा गढूळ झाला असेल, काड्या-पाचोळा वाहून येत असेल, तर वर पाऊस झालाय आणि पाणी अजून वाढणार. गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहणाऱ्या पाण्यात उतरू नका, दोर असला तरी. अलीकडच्या काठावर उंच जागी बसा. डोंगरातला ओढा चढतो तसा काही तासांत उतरतोही. तेवढ्यासाठी एक जेवण आणि टॉर्चचे सेल जादा बांधून घ्या.