अमेरिकेत युनियनचं कार्ड भरताना आणि मत देताना

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याखाली युनियनला मान्यता मिळत आली ती सभासदांची पडताळणी होऊन. त्यामुळे अमेरिकेत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसाला वाटतं, युनियनला पाठिंबा देणाऱ्या कार्डावर सही केली की युनियन आली. तिथे सहसा कार्डानंतर गुप्त मतदान होतं.

सही करण्याआधी कार्डावरचा मजकूर वाचा. ‘ही युनियन माझी प्रतिनिधी’ असं छापलेलं असेल, तर ‘फक्त निवडणुकीसाठी आहे हो’ या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. मालकाने राजीखुशीने मान्यता द्यायची ठरवली, तर बहुमताची कार्डं दाखवून मतदानाशिवायही युनियन येऊ शकते. सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घाला. बिनतारखेचं कार्ड अडकतं.

मतदान मागायला, युनियन ज्या कामगारांच्या वतीने बोलणार त्या गटातल्या ३० टक्के लोकांच्या सह्या लागतात. ८० जणांत २४. पण २४ वर अर्ज करणं म्हणजे हरायची तयारी. प्रचार सुरू झाला की काही जण मागे फिरतात, काही नोकरी सोडतात. निम्म्याहून बऱ्याच जास्त सह्या हातात असल्याशिवाय घाई नको. कार्डं सरकारी श्रम मंडळाकडे जातात, मालकाला दाखवत नाहीत. सह्या गोळा करायच्या त्या जेवणाच्या सुट्टीत किंवा ड्यूटीआधी-नंतर.

सुपरवायझरला मत नाही. नाव सुपरवायझरचं आणि काम साधं, असं असेल तर हरकत येऊ शकते. तरीही मत टाकाच. ते वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि निकाल त्यावर अडला तरच त्याचा निवाडा होतो. एच-१बी व्हिसावर असल्याने मताचा हक्क जात नाही. कार्डावर सही केली नसली तरी मत देता येतं आणि सही करूनही विरोधात देता येतं.

बहुमत धरतात ते पडलेल्या मतांचं. ८० पैकी ५२ जण आले तर २७ पुरेत. २६-२६ झाली तर युनियन हरली आणि त्या गटात वर्षभर पुन्हा मतदान नाही. घरी बसणारे निकाल दुसऱ्यांच्या हाती देतात.

मतपत्रिकेवर नाव किंवा सही केली की मत बाद. टपाली मतदानात मात्र बाहेरच्या पाकिटावर सही हवीच. दोन्हींची गल्लत हमखास होते.

सही केली म्हणून कामावरून काढलं, तर सहा महिन्यांच्या आत मंडळाकडे तक्रार नोंदवा. सहा महिने उलटले की तक्रार ऐकून घेत नाहीत.