गेमिंग खुर्ची अंगाला बसते का, हे कसं तपासावं

गेमिंग खुर्चीच्या जाहिरातीत पाठ किती अंश मागे झोपते ते मोठ्या अक्षरात असतं, आणि बैठकीची कमीत कमी उंची कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरात. आपल्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकांचा निकाल मात्र त्या बारीक आकड्यावरच लागतो. सव्वापाच फुटी माणसाचे पाय लोंबकळत राहिले, तर पाठ १८० अंश मागे गेली काय नि न गेली काय, सारखंच. म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी किंवा ऑनलाइन बटण दाबण्याआधी घरी टेप काढा.

आधी स्वतःची मापं

अनवाणी, साध्या लाकडी खुर्चीत ताठ बसा, गुडघे काटकोनात ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी मोजायला लावा.

१. गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. हे साधारण उंचीच्या पावपट भरतं. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं ३९-४० सेंटिमीटर, १७५ वाल्याचं ४३ च्या आसपास.

२. पाठीमागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळीपर्यंतची लांबी. बैठकीची खोली याच्याशी ताडून बघायची आहे.

३. बसल्या जागी बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची. खांदे सैल सोडून मोजा. बहुतेकांची २० ते २५ सेंटिमीटर येते.

४. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाची जमिनीपासूनची उंची, आणि फळीच्या खालच्या बाजूचीही. खालचं माप लोक विसरतात, आणि मग खुर्चीचे हात टेबलाखाली जातच नाहीत.

आता गणित बघा. बैठक ४० आणि कोपर २२ धरला, तर कोपर जमिनीपासून ६२ सेंटिमीटरवर येतो. बाजारातलं टेबल असतं ७५ चं. म्हणजे १३ सेंटिमीटरचा फरक खुर्चीनं किंवा टेबलानं भरून काढायला हवा. टेबल कापून घेणार नसाल, तर खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली काहीतरी ठेवायचं, हाच मार्ग. घरात जेवायला वापरायचा जुना पाट असेल तर तोच चालतो, फक्त तो फरशीवर सरकू नये म्हणून खाली रबराची चटई टाका. पायटेकू विकत घ्यायची घाई नको.

दुकानात: पायापासून वर

चपला-बूट काढूनच खुर्चीत बसा. स्पोर्ट्स शूजचा तळवा दोन-तीन सेंटिमीटर सहज असतो. तेवढ्यानं दुकानात पाय टेकतात आणि घरी टेकत नाहीत.

उजव्या हाताखालची दांडी वर ओढून खुर्ची पूर्ण खाली घ्या. बसल्यावर फोम दोन-तीन सेंटिमीटर दबतो, म्हणून रिकाम्या खुर्चीचा आकडा धरू नका, बसलेल्या अवस्थेतच मोजायला सांगा. तळवे सपाट टेकले पाहिजेत आणि मांडीच्या खालच्या बाजूला, गुडघ्याजवळ, बैठकीची कड रुतता कामा नये. तिथे हात घालून बघा. तळहात फार जोर न लावता सरकायला हवा. कड रुतली की तासाभरात पायाला मुंग्या येतात, कारण मांडीखालच्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर सतत दाब राहतो.

मग ढुंगण पाठीला पूर्ण टेकवा आणि गुडघ्यामागे किती जागा उरते ते बोटांनी मोजा. दोन ते चार बोटं उरली तर बरोबर. काहीच उरली नाहीत तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे; तुम्ही पुढे घसरून बसणार आणि कमरेची पोकळी तशीच अधांतरी राहणार. गेमिंग खुर्च्यांत बैठक पुढे-मागे सरकवायची सोय क्वचितच असते. कमरेची उशी जाड असेल तर ती तुम्हाला पुढे ढकलून खोली कमी करते, त्यामुळे बुटक्या माणसाला कधीकधी जाड उशीच उपयोगी पडते. उंच माणसाला तीच त्रास देते.

बाजूचे पंख

या खुर्च्यांचा आकार रेसिंग गाड्यांच्या सीटवरून आला. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या डीएक्सरेसरनं २००६ मध्ये असली खुर्ची बाजारात आणली आणि मग सगळ्यांनीच तो साचा उचलला. गाडीत वळणावर अंग फेकलं जाऊ नये म्हणून बाजूला उंच पंख लागतात. टेबलापुढे वळण कुठलं? तरीही पंख राहिले, कारण दिसायला जगात भारी.

म्हणून बैठकीची 'रुंदी ५४ सेंटिमीटर' हा आकडा बघून भुलू नका. ती पंखांसकट असते. दोन पंखांमधली सपाट जागा टेपनं मोजा. बऱ्याच खुर्च्यांत ती ३५-४० च भरते. ही जागा तुमच्या बसलेल्या कमरेपेक्षा कमी असेल तर मांड्या आतल्या बाजूला दाबल्या जातात आणि पंखातली लोखंडी फ्रेम अर्ध्या तासात टोचायला लागते. वरच्या पंखांचंही तेच. तालमीत जाणाऱ्या रुंद खांद्याच्या गड्यानं पाठ टेकून दोन्ही हात कीबोर्डवर ठेवल्यासारखे पुढे धरावेत. खांदे पुढे ढकलले जात असतील तर ती खुर्ची त्याची नव्हे, मोठ्या मापाची बघावी, नाहीतर सपाट पाठीची.

आणि खेळता खेळता मांडी घालून बसायची सवय असेल, तर दुकानात लाजू नका, मांडी घालून बघा. उंच पंख असलेल्या बैठकीत गुडघे वर अडकतात.

कंबर, मान

कमरेची उशी पट्ट्यावर लोंबणारी असेल तर ती बेंबीच्या समोर, पाठीच्या आतल्या बाकावर येईपर्यंत खालीवर करा. मग दोनदा उठा-बसा. उशी घसरली तर रोज घसरणार. पट्ट्याला बकल आहे की नुसतं इलॅस्टिक, तेही बघा. इलॅस्टिक काही महिन्यांत ढिलं पडतं. आतच बसवलेला, चाकानं पुढे-मागे होणारा आधार जास्त टिकाऊ, पण त्याची उंची बदलते का ते विचारा. खूप मॉडेलमध्ये बदलत नाही, आणि मग तो बुटक्याच्या बरगड्यांना नि उंचाच्या माकडहाडाजवळ लागतो.

मानेची उशी मानेच्या बाकात बसावी. डोक्याच्या मागे आली की हनुवटी छातीकडे जाते. सरळ बसून स्क्रीनकडे बघताना ती नुसती शिवली तरी पुरे; टेकायचं काम मागे रेलल्यावर.

पाठ झोपणं वेगळं, खुर्ची डुलणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. बैठकीच्या उजव्या कडेला असलेल्या दांडीनं फक्त पाठ मागे जाते. बैठकीखालच्या यंत्रणेनं बैठक आणि पाठ एकत्र डुलतात. खेळताना रोज उपयोगी पडतं ते डुलणं, आणि दुकानात लोक तपासतात ते झोपणं.

झोपण्याची चाचणी घेताना मागे कुणाला तरी उभं करा. दांडी वर ओढली की मोकळी पाठ एकदम जाते. पाठीवर हात ठेवून हळू न्या. ९० पासून १३५ अंशांपर्यंत थांबे किती आहेत ते मोजा. कामाचे कोन १०० ते ११५ च्या पट्ट्यात असतात. तिथे दोनच थांबे असतील तर मनासारखा कोन सापडत नाही. पूर्ण मागे जाऊन परत या आणि शर्ट बघा. तो वर सरकला असेल, उशी जागची हलली असेल, तर पाठीचं बिजागर तुमच्या कमरेच्या सांध्यापासून लांब आहे. थोडं सरकणं सगळ्याच खुर्च्यांत होतं. वीतभर सरकणं नको. घरात खुर्चीमागे भिंतीपर्यंत किती जागा आहे तेही आत्ताच आठवा. पूर्ण झोपायला मागे तीनेक फूट तरी लागतात, आणि फ्लॅटच्या कोपऱ्यात टेबल असेल तर ते १८० अंश कागदावरच राहतात.

डुलण्यासाठी: उंचीची दांडी बाहेर ओढली की डुलणं मोकळं होतं, आत ढकलली की बंद. बैठकीखाली पुढच्या बाजूला मोठी गोल मूठ असते, ती ताण कमी-जास्त करते. ती पूर्ण सैल करून मागे रेला, मग पूर्ण घट्ट करून. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला सैल करूनही खुर्ची मागे जात नसेल, किंवा शंभर किलोचा माणूस घट्ट करूनही धपकन मागे जात असेल, तर ती मूठ नावालाच आहे. साध्या यंत्रणेत डुलणं फक्त सरळ अवस्थेत कुलूपबंद होतं. चांगल्या यंत्रणेत मधल्या कोनातही थांबवता येतं. जास्त पैसे मोजायचे तर यासाठी मोजा.

खुर्चीचे हात

खुर्चीचे हात किती प्रकारे हलतात ते 'डी'च्या आकड्यानं सांगतात. वन-डी म्हणजे फक्त वर-खाली. टू-डी, थ्री-डीमध्ये त्यात सरकणं किंवा वळणं येतं, आणि फोर-डीमध्ये वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर आणि वळणं, चारही. आकड्यापेक्षा सगळ्यात खालची उंची महत्त्वाची. ती तुमच्या कोपराच्या मापापेक्षा जास्त असेल तर खांदे कायम उचललेले राहतात. सोबतच्याला मागे उभं करून विचारा: खांदे कानाकडे गेलेत का? स्वतःला ते कळत नाही.

मोबाईलवर किंवा कंट्रोलरवर खेळणाऱ्याला हात आत वळणारे हवेत, म्हणजे दोन्ही कोपरं अंगाजवळ टेकतात आणि फोन डोळ्यांच्या जवळ उंच धरता येतो. माऊसवाल्याला हात टेबलाच्या पातळीला आणून टेबलाला भिडवता आले पाहिजेत. वरची गादी दाबून, ढकलून बघा. किंचित खडखड सगळ्यांत असते. पण हलक्या धक्क्यानं जागा सोडणारा हात खेळात भलत्या वेळी सरकतो.

रेक्झिन की कापड

कोल्हापुरी चपलेच्या गावात चामडं कशाला म्हणतात ते सांगायला नको. 'लेदर' म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर दिलेलं कापड, म्हणजे आपलं रेक्झिन. दमट हवेत ओलावा त्या थराची रासायनिक वीण सोडवत नेतो, आणि घाम नि डोक्याचं तेल त्यात भर घालतात. म्हणून पोपडे आधी सुटतात ते मानेच्या जागी, हातांवर आणि बैठकीच्या पुढच्या कडेवर. जुलै-ऑगस्टात ज्या खोलीच्या भिंतीला ओल येते, तिथे तर लवकरच. रेक्झिनची खुर्ची घेतलीच, तर मानेशी सुती पंचा टाका, ओल्या फडक्यानं पुसल्यावर कोरड्यानं पुसा, आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका.

एप्रिल-मेचा उकाडा धरला तर विणलेलं कापड किंवा जाळी बरी. जाळीत घाम साचत नाही, पण कड कडक असेल तर मांडीला लागते. कापडावर चहा सांडला की डाग राहतो, हे मान्य करून घ्या.

फोम बैठकीच्या मधोमध मुठीनं जोरात दाबा. खालची फळी किंवा पट्टे हाताला लागले तर वर्षभरात बसल्यावरही लागणार. साच्यात ओतलेला फोम कापून जोडलेल्यापेक्षा जास्त टिकतो. घनता विचारा, घनमीटरला ५० किलोच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. दुकानदाराला माहीतच नसेल, तर त्यातूनही काय ते समजा.

अर्धा तास

एवढं जमवल्यावर त्याच खुर्चीत सलग अर्धा तास बसा, फोनवर खेळत. पहिल्या पाच मिनिटांत मऊ खुर्ची नेहमीच जिंकते. कडक पण नीट आधार देणारी विसाव्या मिनिटानंतर कळते. कुठे तरी सारखं सावरून बसावंसं वाटतंय का, एवढंच लक्षात ठेवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

त्याच वेळात गॅसचीही, म्हणजे बैठक वर-खाली करणाऱ्या गॅसभरल्या नळकांड्याचीही परीक्षा होते. बसायच्या आधी उंची मधोमध ठेवून, नळकांड्यावर जिथे पत्र्याचं आवरण संपतं तिथे पेनानं खूण करा. अर्ध्या तासात खूण हलली तर सील गळतंय. नळकांड्यावर 'क्लास ४' (मजबुतीची वरची प्रत) लिहिलेलं असेल तर जड माणसासाठी चांगलं. बिफ्माचं (फर्निचर बनवणाऱ्यांची अमेरिकी संघटना, तिच्या मानकांचं) प्रमाणपत्र दाखवलं तर ते अख्ख्या खुर्चीचं आहे की नुसत्या पायाचं किंवा गॅसचं, ते वाचा. ऑफिसच्या खुर्च्यांसाठीच्या बिफ्मा एक्स ५.१ या मानकाची २०१७ ची आवृत्ती १२५ किलोपर्यंतच्या माणसासाठी आहे. 'दीडशे किलो' असं खोक्यावर छापलेलं असलं तर ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न रास्त आहे.

खोकं घरी आल्यावर

ऑनलाइन मागवलेली खुर्ची जोडताना सगळे बोल्ट आधी हातानंच अर्धे बसवा, मग आमनेसामनेचे आलटून पालटून ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) आवळा. एकेक बोल्ट शेवटपर्यंत आवळत गेलात तर चौथ्याचं भोक जुळत नाही, आणि जबरदस्तीत आटे जातात. बैठकीखालच्या पत्र्यावर पुढच्या बाजूचा बाण असतो. तो उलटा बसला तर बैठक पुढे झुकते आणि माणूस सारखा घसरतो. नवी खुर्ची 'आरामदायी नाही' म्हणून परत पाठवणाऱ्यांनी आधी हा बाण बघावा. गुळगुळीत टाइल्सवर नायलॉनची चाकं खडखडतात आणि ओरखडे काढतात, पीयूची ६० मिलिमीटरची चाकं शांत चालतात. दोन आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका.

वॉरंटीत फ्रेमला बहुधा मोठी मुदत असते, गॅसला कमी, आणि रेक्झिन-फोम बऱ्याचदा वगळलेले असतात. गॅस गेला म्हणून खुर्ची भंगारात घालायचं कारण नाही. बहुतेक खुर्च्यांचं नळकांडं ५० मिलिमीटर जाडीचं, वरचा दांडा २८ मिलिमीटरचा, आणि दोन्ही टोकं निमुळती होऊन दाबानंच अडकलेली असतात. बदली नळकांडं त्याच मापाचं घ्या, आणि जुनं घरी हातोड्यानं निघत नसेल तर शिवाजी उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये खुर्ची न्या. मोठा पाईप पाना असला की ते सुटतं. नळकांडं मात्र कापायला किंवा तापवायला देऊ नका, आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो.