ऊर्जाबचतीचा अंदाज: सर्व प्रदेशांसाठी एकच पद्धत कशी बसवावी

६० वॅटचा दिवा काढून त्या जागी ९ वॅटचा लावला आणि तो वर्षाला १००० तास जळतो असे धरले, तर ५१ युनिट वाचतात. एक प्रदेश हाच आकडा नोंदवतो. दुसरा प्रदेश वीजवहनातील १५ टक्के गळती लक्षात घेऊन वीजनिर्मितीच्या ठिकाणची बचत मोजतो आणि ६० युनिट दाखवतो. गणित दोघांचेही बरोबर आहे, पण या दोन आकड्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून बचत मीटरपाशी मोजायची की निर्मितीकेंद्रापाशी, हे सर्वात आधी लेखी ठरवावे.

त्यानंतर सूत्र सर्वांसाठी एकच ठेवावे, मात्र त्यात भरायचे आकडे एकसारखे करण्याचा मोह टाळावा. कमी उष्णता सोडणाऱ्या दिव्यांमुळे उष्ण प्रदेशात वातानुकूलनाचा भार हलका होतो, तर थंड प्रदेशात खोली तापवण्याचा खर्च वाढतो. तेथे एकच गुणांक लादणे म्हणजे सोयीसाठी चूक पत्करणे होय. स्थानिक आकडा जरूर वापरावा, पण तो प्रत्यक्ष मोजलेला आहे, सर्वेक्षणातून आला आहे की नुसता गृहीत धरलेला आहे, हे वर्षासह त्याच्या शेजारी नोंदवावे.

सर्वात जास्त वाद आधाररेषेवरून, म्हणजे बचत कोणत्या वापराशी तुलना करून काढायची यावरून, होतात. चालू स्थितीतला जुना पंप मुदतीआधी बदलला, तर त्याच्या उरलेल्या आयुष्यापुरती तुलना जुन्या पंपाशी करावी आणि त्यापुढील वर्षांसाठी ती बाजारात मिळणाऱ्या किमान मानकाच्या पंपाशी करावी. पंप बंदच पडला असेल, तर पहिल्या दिवसापासूनच तुलना किमान मानकाच्या पंपाशी करावी.

हवामानाच्या दुरुस्तीसाठी पायातापमान, म्हणजे बाहेरचे तापमान ज्याच्या खाली गेल्यावर खोली तापवावी लागते असे धरतात ते तापमान, जाहीर करावे. तापनाचे अंश-दिवस (रोजचे तापमान या पायाच्या जितके अंश खाली असेल, त्यांची बेरीज) काढताना ब्रिटनमध्ये सहसा १५.५ अंश सेल्सिअस धरतात, अमेरिकेत १८.३, अशा दोन पायांवरचे आकडे शेजारी मांडून काहीच कळत नाही.

छोट्या, ठरावीक उपायांना प्रमाणित आकडे पुरतात. मोठ्या प्रकल्पांना मोजमाप लागते. संपूर्ण इमारतीच्या बिलांवरून बचत काढायची असेल, तर ती एकूण वापराच्या १० टक्क्यांहून अधिक असावी, नाहीतर ती नेहमीच्या चढउतारांत हरवते; अशा वेळी त्या यंत्रापुरते वेगळे मीटर बसवावे. मासिक बिलांवर बेतलेल्या प्रारूपातील (वापराचा अंदाज देणाऱ्या गणिती मांडणीतील) त्रुटीची मर्यादा म्हणून ॲशरे या तापन-शीतन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिका १४ मधील १५ टक्के (तासागणिक नोंदींसाठी ३० टक्के) ही पातळी स्वीकारता येते.

पद्धत लागू करण्यापूर्वी एकाच प्रकल्पाची कागदपत्रे प्रत्येक प्रदेशाच्या गणकाकडे (बचतीचे गणित करणाऱ्या व्यक्तीकडे) स्वतंत्रपणे पाठवावीत. उत्तरे जेथे फुटतील, तेथील व्याख्या पुन्हा लिहावी आणि तीच कागदपत्रे, शक्य असल्यास नव्या गणकांकडे, परत पाठवावीत.