जुना फोल्डिंग कॅमेरा खोलताय? आधी पेचकस बघा

आजोबांच्या कपाटातून आग्फा आयसोलेट निघाला आणि फोकसची रिंग फिरतच नाही, असं झालं तर पक्कड लावू नका बाप्पा, हात जोडून सांगते. आतलं हिरवं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, या मॉडेलचा हा नेहमीचाच त्रास आहे. रिंगच्या कडेला तीन बारके स्क्रू असतात, चपट्या खाचेचे, त्यांना मोबाईलवाल्याचा फुलीचा पेचकस काही कामाचा नाही. नागपुरात इतवारीत नाहीतर सीताबर्डीवर घड्याळ दुरुस्तीचं सामान जिथं मिळतं तिथं १ ते २ मिमीचा घड्याळजी सेट मागा आणि पातं खाचेत गच्च बसतं का ते बघूनच घ्या, कारण पातं जरा जरी ढिलं असलं की खाच झिजते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही.

लेन्सची खाचेवाली रिंग काढायला लेन्स स्पॅनर (खाचांत बसणाऱ्या दोन टोकांचं हत्यार) लागतो, नसला तर कंपासपेटीतला मजबूत डिव्हायडर, टोकं कानशीनं घासून चपटी केलेला, चालतो. खाचा नसलेल्या रिंगला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बाटलीच्या झाकणावर ताणून बसवा, दाबून फिरवा. अडलंच तर लायटर फ्लुइडचा एक थेंब, काडीनं, आणि थोडं थांबा. रिंग काढण्याआधी इन्फिनिटीची (∞, सगळ्यात लांबच्या फोकसची) जागा सुईनं ओरखडून ठेवा हं, फोटोही काढा.

आणि हो, भाता (लेन्सच्या मागची घड्यांची काळी पिशवी) रात्री अंधारात आतून टॉर्च लावून तपासा, कोपऱ्यांत चांदण्या, म्हणजे बारकी भोकं, दिसल्या तर आधी तो दुरुस्त करा.