दरीतल्या घरात मोडेमला रेंज कशी आणावी

कुणाच्या घरी रेंज नाही म्हटलं की पहिला सल्ला येतो, 'बूस्टर घे'. घेऊ नका. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि दूरसंचार विभाग हे वारंवार सांगत आला आहे. ऑनलाइन सर्रास मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही. शिवाय तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि टॉवरकडे फेकतो. त्याचा त्रास त्या टॉवरवर अवलंबून असलेल्या सगळ्या वाड्यांना होतो. आपल्याला हवा तो एका दिशेला रोखलेला, बाहेर लावायचा अँटेना. त्याला वीज लागत नाही. मोडेमची चहूकडे सांडणारी ताकद तो एका बाजूला गोळा करतो, सिग्नल येतानाही आणि जातानाही.

संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, घरं खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला आणि भिंती जाड जांभ्याच्या. अशा घरांतच मी हे काम शिकलो.

खर्च करण्याआधी फोन घेऊन छपरावर चढा. नेटवर्कचे आकडे दाखवणारं एखादं ॲप उघडा आणि आरएसआरपी बघा, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो त्याचा आकडा. आकडा उणे असतो, त्यामुळे उणे ९५ हे उणे ११५ पेक्षा चांगलं. वर उणे ११५ च्या आसपास काहीतरी सापडत असेल तर अँटेना उपयोगाचा. छपरावरही काहीच नसेल तर पैसे वाचवा, अँटेना सिग्नल निर्माण करत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं शेजाऱ्यांकडून मागून हीच चाचणी करा. अर्ध्या घरांचा प्रश्न सिम बदलूनच सुटतो.

सिम घालायचा राऊटर, म्हणजे आपला मोडेमच, असा घ्या ज्याला बाहेरचे अँटेना जोडायला दोन सॉकेट आहेत. अँटेनाही दोन लागतात, किंवा एकाच पॅनेलमध्ये दोन असलेला. फोर-जी दोन वाटांनी डेटा आणतं, म्हणून एक अँटेना डावीकडे ४५ अंश आणि दुसरा उजवीकडे ४५ अंश कललेला ठेवा. अँटेना सिग्नल किती वाढवतो ते डीबीआयमध्ये सांगतात. खोक्यावर '३५ डीबीआय' लिहिलेलं असेल तर ते दुकान सोडा. फूटभर पॅनेल ८ ते १० देतं, त्याहून फार जास्त नाही.

केबल लांब ओढू नका. पातळ आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डीबीच्या (सिग्नलची वाढ-घट मोजायचं माप) आसपास खाते. १५ मीटरला ११ डीबी गेले, म्हणजे अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच संपलं. जाड एलएमआर-४०० तेवढ्याच अंतरात साधारण ३ डीबी खाते, पण ती महाग आणि वळवायला अवघड. त्यापेक्षा राऊटरच माळ्यावर अँटेनाजवळ ठेवा आणि तिथून खाली साधी लॅन केबल सोडा, ती १०० मीटरपर्यंत चालते. फक्त तापलेल्या पत्र्याला राऊटर चिकटवू नका.

जोडताना प्लगच्या मधोमध सुई आहे ना, ते बघा. वायफायच्या अँटेनाचा प्लग बाहेरून अगदी तसाच दिसतो, आटेही घट्ट बसतात, पण आत सुई नसते आणि जोडणी होतच नाही. काही राऊटरांत सेटिंगमध्ये जाऊन 'बाहेरचा अँटेना' निवडावा लागतो, तेही विसरू नका.

आता रोख धरणं. लोक इथे पाच मिनिटं देतात आणि मग अँटेनाला दोष देतात.

पहिल्यांदा मावशीच्या घरी मीही हेच केलं. मी वर खांब फिरवत होतो आणि भाचा खालून काड्या मोजून ओरडत होता. पाचही काड्या भरल्या, मी क्लॅम्प आवळले, खाली उतरलो आणि नेट आधीपेक्षा हळू. दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं तेव्हा कळलं: आरएसआरपी उत्तम, उणे ८५, पण एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, फक्त २. दोन टॉवरांचे सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांत मिसळत होते. सिग्नल जोरात होता, स्वच्छ नव्हता. काड्यांवरून हे कधीच कळत नाही, म्हणून काड्यांकडे बघून अँटेना लावू नका. एसआयएनआर १३ च्या वर असेल तर नेट चांगलं चालतं, २० च्या वर उत्तम, शून्याखाली गेलं तर रडत चालतं. आरएसआरपी थोडी घसरून एसआयएनआर वाढत असेल तर मी डोळे मिटून दुसरी दिशा घेतो.

दुसरी चूक घाईची. राऊटरच्या पानावरचे आकडे मागाहून बदलतात. तुम्ही खांब फिरवता तेव्हा दिसणारा आकडा आधीच्या दिशेचा असतो. १५ अंश फिरवा, हात काढा, पूर्ण एक मिनिट थांबा आणि तीन गोष्टी वहीत लिहा: आरएसआरपी, एसआयएनआर आणि सेल आयडी (टॉवरच्या त्या बाजूचा ओळख क्रमांक). सेल आयडी बदलला म्हणजे राऊटरने दुसरा टॉवर किंवा त्याच टॉवरची दुसरी बाजू पकडली, आणि आधीच्या आकड्यांशी तुलना संपली. पूर्ण फेरीच्या २४ नोंदी होतात, अर्धा-पाऊण तास लागतो. मग सगळ्यात चांगल्या दिशेच्या आसपास पाच-पाच अंशांनी पुन्हा.

फेरी पूर्ण घ्याच. दिसणाऱ्या टॉवरकडे रोखून मोकळं होऊ नका. आमच्याकडे एका घराला सगळ्यात स्वच्छ सिग्नल समोरच्या कड्यावरून परतून येतो, टॉवर बरोबर पाठीमागे असताना. टॉवर वर सड्यावर असेल तर अँटेनाचं तोंड थोडं वर करा. उंचीही अर्धा अर्धा मीटर बदलून बघा, एवढ्याशा फरकाने आकडे हलतात.

शेवटी बँड, म्हणजे कंपनी ज्यावर सिग्नल पाठवते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ दरीत खोलवर पोचतो, पण त्याचा पट्टा अरुंद, म्हणून वेग कमी. २३०० चा पट्टा रुंद, पण डोंगर आला की संपला. राऊटर बँड लॉक करू देत असेल तर प्रत्येक बँडवर सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा वेग मोजा, आणि रात्रीचा आकडा धरा.

मग क्लॅम्प आवळा, उघड्या जोडांवर ताणून रबर टेप गुंडाळा, केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. खांबाला अर्थिंग हवंच. तरीही वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडायच्या आधीच राऊटरचे प्लग काढून ठेवा.

पावसाळ्यानंतर आकडे वहीतल्या नोंदींशी पुन्हा ताडून बघा. वाटेतली झाडं वाढलेली असतात आणि ओली पानं सिग्नल खातात. माझ्या घरी दर ऑक्टोबरला समोरच्या ऐनाच्या दोन फांद्या उतरवाव्या लागतात.