मालाची पहिली गाडी घेताना: साईज, डिझेल आणि ॲव्हरेज कसं ठरवावं

शोरूममध्ये जाण्याआधी आपला माल मोजा. टोमॅटोचं उदाहरण घ्या. भरलेला क्रेट साधारण २२ किलो धरला, तर ५० क्रेटचे ११०० किलो होतात. ड्रायव्हर, सोबतचा माणूस, ताडपत्री आणि दोर मिळवले की साडेबाराशे. इथे सीझनमधला सगळ्यात मोठा दिवस धरू नका, बहुतेक दिवस किती माल निघतो ते धरा. चार-दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी परवडते. मोठ्या गाडीचा हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो.

मग कागद बघा. आरसी बुकवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की पासिंग, म्हणजे गाडीत कायद्याने किती वजन भरता येतं ते कळतं. त्याच्या वर माल भरला आणि पकडले गेलात, तर २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार दंड आहे. भरलेलं वजन ३००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. घरची गाडी असेल तर ही मोठी सोय आहे.

आता डिझेलचा हिशोब. सगळे ‘किती ॲव्हरेज देते’ एवढंच विचारतात, मला तो प्रश्न अपुरा वाटतो. समजा, छोटी गाडी ७०० किलो घेऊन लिटरला १८ किलोमीटर जाते आणि पिकअप १४०० किलो घेऊन १२. जाऊन-येऊन १८० किलोमीटरला छोटीला १० लिटर लागतात, पिकअपला १५. रोजचा माल १४०० किलो असेल तर छोटीच्या दोन खेपा, म्हणजे २० लिटर. तिथे पिकअपच घ्या. माल ७०० किलोच असेल तर पिकअप रोज ५ लिटरपर्यंत जास्त पिते.

इंजिन रस्त्यावरून ठरवा. कसाऱ्यासारखा घाट भरल्या गाडीने रोज चढायचा असेल तर माझं मत डिझेललाच, कारण कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही तिची ओढ चांगली असते. शहरात दुकानोदुकानी माल टाकायचा असेल आणि जवळ पंप असेल तर सीएनजी बरी. बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांनुसार बनलेल्या) डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर असतो. सतत थांबत-थांबत छोट्या फेऱ्या मारल्या तर तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि तो चोंदतो.

गाडी घेतल्यावर ॲव्हरेज स्वतः काढा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा. दोन-तीन खेपा झाल्या की त्याच पंपावर तशीच भरा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. लोडची आणि रिकामी खेप जमल्यास वेगळी मोजा. आकडा अचानक घसरला तर आधी टायरची हवा आणि एअर फिल्टर बघा. नंतर सपाट रस्त्यावर चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय.